मास्तर-सुभेदारांना विचारा

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की फौज कुठून आली, कशासाठी आहे, तिचं काम कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, काय मनात असेल ते विचारा. पत्रांचा ढीग आला. नव्या वाचकांसाठी ओळख : मी आर्मी एज्युकेशन कोअरमधून सुभेदार म्हणून पेन्शनीवर आलो. पलटणीत रायफल आणि ड्रिल शिकवतो तो ‘उस्ताद’. नकाशा, हिशेब, इतिहास शिकवतो तो ‘मास्टरजी’. मी दुसऱ्या प्रकारातला, तेव्हा उत्तर लांबलं तर खोड समजून सोडून द्या.

सुभेदार साहेब, आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. इंग्रजीत कोरलंय की या गावातून ३१ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली आणि त्यातल्या ६ जणांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. मुलं विचारतात, हे कोण होते आणि कुठं गेले? मला उत्तर देता येत नाही. (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

बाई, अशा पाट्या सातारा, रत्नागिरीपासून थेट पंजाबपर्यंत सापडतात. मजकूर सगळीकडे तोच, फक्त आकडे बदलतात. युद्धानंतर सरकारनं त्या बसवल्या. गावाचा मान राखला आणि माणसांची नावं गाळली.

कुठं गेले? आपल्या भागातले बहुतेक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. १९१४ च्या शेवटी बसऱ्याला उतरलेल्या फौजेचं नावच ‘सहावी पूना डिव्हिजन’ होतं. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. टायग्रिस नदीच्या काठानं ही डिव्हिजन बगदादच्या दिशेनं वर सरकली, टेसिफोनला अडली आणि मागं हटून कूत-अल-अमारा या गावात शिरली. तिथं डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी वेढा घातला. तो सुमारे पाच महिने टिकला.

वर्गात मुलांना त्या वेढ्यातली भाकरी दाखवा. शिधा आटत गेला तशी गोरे शिपाई घोड्याचं आणि खेचराचं मांस खाऊ लागले. आपल्या लोकांनी नकार दिला. हुकूम झाला तरी नकार. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून ‘खायला हरकत नाही’ अशा तारा मागवल्या गेल्या, तरी बरेच जण मानेनात. गावी परत गेलो तर पंगतीला कोण बसवून घेईल, पोरीचं लग्न कसं जमेल, ही धास्ती भुकेपेक्षा मोठी होती. शेवटी शेवटी खाल्लं, पण तोवर अंगात त्राण उरलं नव्हतं. विमानातून पिठाची पोती टाकायचाही प्रयत्न झाला, जगात बहुधा पहिल्यांदाच. त्यातली बरीच पोती नदीत पडली. २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेला. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, त्यात आपले शिपाई हजारोंनी. वाळवंटातून त्यांना चालवत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. कित्येक वाटेतच गेले.

मुलं आणखी एक विचारतील : इंग्रजांसाठी का लढले? मी रंगरुटांना गुळगुळीत उत्तर कधी दिलं नाही, तुम्हीही देऊ नका. शिपायाला महिना ११ रुपये मिळत. कोरडवाहू जमीन, घरात खाणारी तोंडं दहा, आणि मनिऑर्डर मात्र नेमानं येणारी. त्यात पलटणीची इभ्रत, शेजारी लढणारा भावकीतलाच माणूस, आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी नको ही जुनी शिकवण. पुढच्या काळात भरतीसाठी गावागावावर दडपणही आलं. त्या युद्धात तेरा लाखांच्या आसपास हिंदी माणसं कामाला लागली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत.

नावं शोधायची तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर पलटणीच्या नावानं शोधा. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे, पण तिथंही गोऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा घातला. नावं वह्यांत राहिली. ते स्मारकही १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं उचलून वाळवंटात नेऊन ठेवलं.

दुसरा रस्ता घरोघरचा. मुलांना सांगा, आजीच्या पेटीत जुनं पदक असेल तर त्याची कड बघा. राजाचं तोंड बघत बसू नका. कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ते पदक चांदीचं होतं, त्यामुळं दुष्काळात पुष्कळांनी मोडीत काढलं. ज्यांच्याकडं उरलंय त्यांच्याकडं एक नाव उरलंय. सहापैकी एक जरी सापडला तरी मला पत्र टाका.

स्वातंत्र्य १९४७ ला मिळालं, मग लष्कर दिन १५ जानेवारी १९४९ चा का? (बारावीचा विद्यार्थी, चाळीसगाव)

बाळा, झेंडा बदलला म्हणून सेनापती त्या रात्री बदलला नाही. १५ ऑगस्टला आपल्या हाती फौज आली ती निम्मी उसवलेली. माणसं, तोफा, गाड्या, अगदी बँडची वाद्यंसुद्धा भारत आणि पाकिस्तानात ढोबळमानानं दोनास एक अशी वाटली गेली. वरच्या हुद्द्यांवर इंग्रज होते. आपल्या मुलांना इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीची दारं १९१८ नंतर उघडली, डेहराडूनची अकादमी १९३२ ची, त्यामुळं बहुतेक हिंदी अधिकारी जेमतेम ब्रिगेडियरपर्यंत पोचले होते.

गंमत बघ. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरची लढाई पेटली आणि पुढं १९४८ भर दोन्ही देशांच्या फौजांच्या डोक्यावर इंग्रज जनरलच बसले होते, इकडं रॉय बुचर आणि तिकडं डग्लस ग्रेसी. १ जानेवारी १९४९ ला युद्धबंदी झाली आणि दोन आठवड्यांनी बुचरकडून करिअप्पांनी सूत्रं घेतली. पहिला हिंदी सरसेनापती. तो दिवस १५ जानेवारी. संचलन वर्षानुवर्षं दिल्लीत होत असे. आता ते शहरोशहरी फिरतं, २०२५ ला पुण्यात झालं.

आमच्या शेजारच्या देशांत सेनापती उठून सत्ता बळकावतात. आपल्याकडे ते कधीच झालं नाही. आपले जवान जास्त प्रामाणिक म्हणून का? (निवृत्त बँक कर्मचारी, अकोला)

दादा, प्रामाणिक आहेतच, पण नुसत्या प्रामाणिकपणावर देश चालवू नये. पाकिस्तानात १९५८ ला सत्ता घेणारा अयूब खान आणि आपले करिअप्पा एकाच फौजेत वाढले. मेसमधली शिस्त तीच, ड्रिलही तीच. फरक पडला तो बराकीच्या बाहेर.

इंग्रजी अमदानीत सरसेनापती हा व्हाइसरॉयच्या खालोखालचा माणूस, त्याच्या कार्यकारी मंडळात बसणारा. नेहरूंनी ती खुर्चीच काढून टाकली. भूदल, नौदल, हवाईदल यांना वेगवेगळे प्रमुख दिले आणि तिघांनाही संरक्षणमंत्र्याच्या हाताखाली ठेवलं. सरसेनापतीचा दिल्लीतला भव्य बंगला पंतप्रधानांनी स्वतः राहायला घेतला. तेच तीन मूर्ती भवन. १९५५ मध्ये ‘कमांडर-इन-चीफ’ हे पदनामही गेलं आणि ‘चीफ ऑफ द आर्मी स्टाफ’ आलं. घटनेच्या ५३ व्या कलमानं सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडं आहे, आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. फौजेला रुपया लागला तरी तो संसदेतून येतो.

मला मात्र या कलमांपेक्षा कसम परेड जास्त खरी वाटते. प्रशिक्षण संपलं की रंगरूट मैदानावर उभे राहतात. पंडितजी, मौलवी, ग्रंथी, पाद्री आपापले ग्रंथ घेऊन समोर येतात, पलटणीचं निशाण आणलं जातं आणि ज्याच्या त्याच्या ग्रंथावर हात ठेवून शपथ होते. शपथेत कुठल्याही जनरलचं नाव नाही, पंतप्रधानांचंही नाही. निष्ठा घटनेशी, हुकूम राष्ट्रपतींचा आणि वर नेमलेल्या अधिकाऱ्याचा, जिवाला धोका असला तरी. आदल्या दिवशी ती शपथ पोरांना समजावून सांगायचं काम माझं असे. ‘मास्टरजी, राष्ट्रपती थोडेच हुकूम द्यायला येणार?’ असं एखादा हमखास विचारायचा. येत नाहीत, म्हणूनच ते नाव तिथं आहे, इतकंच मी सांगायचो. उन्हात घामाघूम झालेल्या पोराला त्यातलं किती कळायचं देव जाणे, पण शब्द तोंडपाठ असायचे.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण सेनेवर वचक म्हटला की आपण फार खूष होतो. वचक ठेवता ठेवता सल्लाही ऐकेनासं झालं तर काय होतं, ते १९६२ ला चीनशी झालेल्या युद्धात दिसलं. त्याआधी १९५९ मध्ये लष्करप्रमुख थिमय्यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी पटेना म्हणून राजीनामा दिला होता आणि नेहरूंनी समजूत घातल्यावर मागं घेतला. बढत्यांत मर्जी चालू लागली. लढाईचा फारसा अनुभव नसलेल्या बी. एम. कौल यांच्याकडं ईशान्येची चौथी कोअर दिली. सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत माणसं चौदा-पंधरा हजार फुटांवर चढवली. हुकूम पाळायची फौजेची सवय तिथं शिपायांच्या जिवावर बेतली. लढायचं की नाही हे सरकारनं ठरवावं. कधी आणि कशानं लढायचं, हे ठरवताना ज्याच्या पायात तो बूट आहे त्याला विचारावं.

जातीच्या नावाच्या रेजिमेंट अजून का आहेत? हे घटनेत बसतं का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नागपूर)

ताई, प्रश्न नाजूक आहे, पण टाळणार नाही.

१८५७ नंतर इंग्रजांना दोन गोष्टींची भीती बसली : शिपायांची एकजूट आणि तोफखाना. तोफा जवळजवळ सगळ्या गोऱ्यांच्या हाती गेल्या आणि शिपायांची जातवार, प्रांतवार विभागणी झाली. पुढं लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या इंग्रज सेनापतींनी ‘लढवय्या जाती’ नावाचं थोतांड उभं केलं. उत्तरेकडचे उंचेपुरे ते लढवय्ये, बाकीचे बाजारबुणगे. याचा सर्वांत कठोर फटका कोणाला बसला ते नागपूरकरांना मी सांगायला नको. मुंबईच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात बंद केली. दापोलीचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी तेव्हा भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्जविनंत्या केल्या. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवायचे, आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. (सुभेदार आणि मास्तर, दोन्ही. आमच्या कोअरमधल्या माणसाला याचा अभिमान वाटला तर चालवून घ्या.) एका घराला शिक्षण आणि पेन्शन देणारा दरवाजा पुढच्या पिढीच्या तोंडावर बंद झाला, हे बाबासाहेबांनी जवळून पाहिलं.

१९१७ ला माणसं कमी पडली तेव्हा सरकारला महार आठवले. १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी लावून धरलं आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे, तिच्यात देशभरातली मुलं असतात. लष्करप्रमुख कृष्णराव आणि सुंदरजी याच रेजिमेंटचे. १९८७ मध्ये श्रीलंकेत परमवीरचक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरनही.

घटनेचं म्हणाल तर स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण ठरलं की भरती सगळ्यांना खुली आणि जातीच्या नावानं नवी रेजिमेंट नाही. १९४९ ला ब्रिगेड ऑफ द गार्ड्स मुद्दाम मिश्र म्हणून उभी केली. जुन्या मात्र राहिल्या. पायदळातले माझे दोस्त म्हणतात, एकच बोली, एकच लंगर, एकच जयघोष असला की अंधारात शेजारच्यावर भरवसा बसतो. यात तथ्य आहे. बेळगावच्या मैदानावर ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ऐकून माझ्याही अंगावर काटा आला आहे. पण मराठा पलटणीतले अधिकारी केरळपासून कुमाऊंपर्यंत कुठलेही असतात, दोन वर्षांत मराठी बोलतात आणि जवान त्यांच्या मागं जातात. सिग्नल, तोफखाना, आमची एज्युकेशन कोअर, सगळीकडं एका ताटातली माणसं वेगवेगळ्या प्रांतांची. काही अडत नाही. माझं मत मिसळण्याच्या बाजूचं. पण जुनी नावं पुसायची घाई नको. त्या नावांवर रक्त सांडलंय, ते कोणाच्या तरी आजोबांचं आहे.

बीएसएफ म्हणजे मिलिटरीच ना? (गृहिणी, बीड)

नाही. सीमा सुरक्षा दल १ डिसेंबर १९६५ ला, त्या वर्षीच्या युद्धानंतर उभं राहिलं आणि ते गृहमंत्रालयाचं. लष्कर संरक्षणमंत्रालयाचं. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमेवर शांततेत पहारा बीएसएफचा, काश्मीरच्या ताबारेषेवर मुख्य जबाबदारी लष्कराची. चीनकडं आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) असते, नेपाळ-भूतानकडं एसएसबी (सशस्त्र सीमा बल). मुलगा कुठल्या दलात आहे हे सांगताना त्याचीच आई चुकली की पोरं फार चिडतात, म्हणून जरा सविस्तर सांगितलं.

पूर आला की लष्कर, भूकंप झाला की लष्कर, बोअरवेलमध्ये मूल पडलं तरी लष्कर. मग बाकीचे कशाला आहेत? (शेतकरी, लातूर जिल्हा)

भाऊ, तुमच्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं उशिरा झोपलेली, आणि किल्लारीच्या परिसरातली माळवदाची घरं बसली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड छप्पर. सुमारे दहा हजार माणसं गेली. लष्करी तुकड्या आल्या तेव्हा पहिले काही दिवस अवजारांपेक्षा हातच जास्त चालले, कारण ढिगाऱ्यात पहार कुठं बसेल सांगता येत नव्हतं.

नियम असा की लष्कर आपणहून येत नाही. जिल्हाधिकारी मागणी करतो आणि फौज मुलकी प्रशासनाच्या मदतीला जाते. आमच्यात म्हणतात : शेवटी जायचं आणि सगळ्यांत आधी परतायचं. व्हायला लागलंय उलटं. २००६ पासून एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, आहे, त्यातली एक बटालियन पुण्याजवळच. पहिला फोन त्यांना जायला हवा. पलटण पुरात होड्या ओढत असते तेव्हा तिचा सराव बुडतो, आणि तो बुडालेला सराव कोणाला दिसत नाही. दंगलीत बोलावणं तर आम्हाला मुळीच आवडत नाही. आपल्याच माणसांसमोर बंदूक घेऊन उभं राहण्यासाठी कोणी शपथ घेतलेली नसते.

धाकटा अग्निवीर व्हायचं म्हणतो. चार वर्षांनी काय? (एक आई, कराड)

ताई, योजना जून २०२२ ची. चार वर्षांनी जास्तीत जास्त चौथा हिस्सा मुलं कायम होतात. बाकीच्यांना एकरकमी सेवानिधी मिळतो, जो योजना आली तेव्हा सुमारे ११.७ लाख सांगितला होता. पेन्शन नाही. मला ही योजना पटलेली नाही. पलटणीचं नातं मुरायला चार वर्षं फार थोडी आहेत. पण पोराची हौस खरी असेल तर अडवू नका. एवढंच करा : बारावी पूर्ण करून पाठवा आणि तिथं गेल्यावर मुक्त विद्यापीठाची पदवी सुरू करायला लावा. युनिटात माझ्यासारखा एखादा मास्टरजी असेल, त्याला सांगितलं तर तो फॉर्मसुद्धा भरून देतो. आम्हाला तेवढंच काम आवडतं.

परमवीरचक्र मिळवणारं आपल्या बाजूचं कोणी? (पाचवीतला मुलगा, सावंतवाडी)

आहे की. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, मूळचे कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअरांच्या दलाचे. एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीला जाणारा रस्ता. शत्रूनं सुरुंग पेरले होते आणि चीडची झाडं आडवी टाकली होती. वरून गोळ्या चालू. राणे जखमी होते, तरी रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढं गेले. हातात दोन दोऱ्या : एक ओढली की चालकानं थांबायचं, दुसरी ओढली की निघायचं. असा अडथळ्यामागून अडथळा काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीरचक्र जिवंतपणी मिळवणारे ते पहिले. ते पदक ज्यांनी रेखलं त्या सावित्रीबाई खानोलकर जन्मानं युरोपातल्या, लग्नानं आपल्याकडच्या. पदकावर इंद्राचं वज्र चार वेळा आहे. चित्र मिळालं तर मोजून बघ.

पुढच्या अंकासाठी प्रश्न महिनाअखेरीपर्यंत पाठवा. पेन्शन अडकली, वारसाचं नाव चढलं नाही, अशी पत्रं कृपया माझ्याकडं नकोत, ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्या. जाताना डिस्चार्ज बुक मूळ न्या, झेरॉक्सच्या तीन प्रती काढा, आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी पोचा.